पंगतीतून उठणं

अकोल्याला भावाकडे महालक्ष्म्या असतात. मागच्या वर्षी सगळे पंगतीला खाली बसले आणि मला, घरातल्या थोरल्या बहिणीला, भिंतीशी प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली. "ताईले खाली नका बसवू, गुडघे गेले तिचे," भाऊ म्हणाला. ताट स्टुलावर. खाली हसणं-खिदळणं चाललेलं आणि मी वरून सगळ्यांच्या टाळूकडे पाहत पुरणपोळी गिळली. असा राग आला म्हणून सांगू!

अमरावतीत मी एकटी राहते. लग्न केलं नाही, पन्नाशी ओलांडली. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांतली गादी पार झिजली, ऑपरेशन आज ना उद्या करावंच लागेल, तोवर मांड्या तरी मजबूत करा. म्हणून जिममध्ये नाव घातलं. गाण्यांच्या धिंगाण्यात पायांनी वजन ढकलत बसायचे. शिकवणारी बाई माझ्याच वयाची. तिनं आधी उंच बाकावरून उठवलं, मग बुटक्या. "जमिनीवर काहून बसता मॅडम? गरज काय?" ती विचारायची. गरज! तिला काय सांगणार, कपाळ? घरी सतरंजीवर सराव करायचे. उजवा तळहात टेकवायचा, डावा पाय रोवायचा, दात-ओठ खाऊन उठायचं. गुडघे करकरायचे, डोळ्यांत पाणी यायचं आणि ते पुसायलाही मीच. पण हळूहळू जमायला लागलं.

यंदा खुर्ची आली तशी परत पाठवली आणि भावजयीच्या शेजारी, एक पाय लांब करून, पंगतीत बसले. ती पोरांच्या तक्रारी सांगत होती, मी हसत होते. कितीतरी दिवसांनी माझ्या खांद्याला कोणाचा तरी खांदा लागत होता. मी दोनदा कढी मागून घेतली.

आमच्याकडे पंगत एकदम उठते. भाऊ उठला, सगळे उठले, हात धुवायला मागच्या नळाकडे गेले. मी हात टेकवायला गेले आणि थबकले. हात खरकटा! खरकटा हात जमिनीला लावायचा नाही, हे या घरातल्या पोरांना मीच रागावून शिकवलेलं. घरी इतक्या वेळा उठले, पण जेवून एकदाही नाही. हात् तिच्या! डाव्या हातावर जोर दिला, अंग हलेना. बैठकीत दुसरी पंगत खोळंबलेली. हाक मारली असती तर चार जण धावले असते. नाही मारली. सरळ खरकटा पंजा फरशीवर रोवला आणि उठले. माझी मी!

कोणी पाहिलंच नाही. भाऊ तोंड पुसत आला, त्याला दिसली सरकलेली पत्रावळ आणि फरशीवरचा कढीचा पंजा.

"ताई, पडली का तू?"

"पडली नाही रे बाप्पा, उठली! माझी मी उठली!"

"हो, हो," म्हणत त्यानं माझा दंड धरला आणि नळापर्यंत सोडला नाही. त्या भरल्या घरात, भावानं धरलेलं असताना, मला जेवढं एकटं वाटलं, तेवढं अमरावतीच्या माझ्या दोन खोल्यांत कधी वाटलं नव्हतं.