आधी पाय दाखवा

डॉ. सुलभा निखाडे यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या डॉक्टर आहेत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. नर्सिंगचा कोर्स संपवून मी त्यांच्या सक्करदऱ्यातल्या दवाखान्यात कामाच्या चौकशीला गेले होते. एका बुटक्या स्टुलावर बसून, एका म्हाताऱ्या बाईंचा पाय मांडीवर घेऊन त्या भिंगातून तळवा पाहत होत्या. मान वर न करता त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला. "इकडून धरा. हलवू नका." मुलाखत तेवढीच झाली. तेव्हापासून मी त्यांच्याकडेच आहे.

मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून हा गौरव अंक निघतो आहे. त्यांनी आधी नकोच म्हटलं होतं. मग मला म्हणाल्या, "मालती, तू लिही. पण चांगलंच तेवढं लिहू नकोस. लीलाताईंचंही लिही." लीलाताई म्हणजे माझी मोठी बहीण. ती आता नाही. मला लिहिण्याची सवय नाही, पण त्यांचा शब्द मोडवत नाही.

मॅडमकडे येणाऱ्यांत पाळी जाण्याच्या वयातल्या बायका पुष्कळ. चेहरा कोरडा पडलेला, खाज, गालाची कातडी सैल झालेली. घरी सांगितलं तर "वयच झालं" असं उत्तर मिळतं. काही वर्षांपूर्वी मॅडमनी लाल प्रकाशाचा दिवा आणला. डोळ्यांवर काळा चष्मा लावून त्यासमोर थोडा वेळ बसायचं, आठवड्यातून दोनतीनदा. पण त्याचं कौतुक त्यांनी कधी वाढवून सांगितलं नाही. प्रत्येकीला त्या समोर बसवून सांगत, "हा दिवा तुम्हाला पुन्हा तिशीत नेणार नाही. कातडी थोडी नरम वाटेल, बारीक रेषा कदाचित कमी दिसतील. काहींना काहीच फरक पडत नाही. आणि वांगाच्या काळ्या डागांसाठी तर हा नाहीच."

एकदा इतवारीतल्या एका व्यापाऱ्यांच्या पत्नी म्हणाल्या, "मॅडम, आमचे हे म्हणतात, कायले पैसे घालवते? घरच्याच ट्यूबलाइटले लाल पन्नी लावून देतो."

"त्यांना सांगा, पन्नी आधी स्वतःच्या टकलावर लावा. केस आले तर मलाही कळवा."

त्या बाई हसत हसत दिव्यासमोर बसल्या.

मॅडमची एक शिस्त मात्र होती. दिव्याआधी सगळी कातडी तपासायची, तळव्यांसकट. पाळी गेल्यावर तळवे जाड होतात, टाचा चिरतात, आणि बायका चेहरा दाखवतात पण पाय लपवतात, असं त्या म्हणत. कुठे नवा डाग दिसला तर त्याचा तपास होईपर्यंत दिवा बंद. कळमेश्वरच्या एका बाई या शिस्तीवर फार चिडल्या होत्या. "मी तोंडासाठी आली, तुम्ही पाय काहून पाहून राहिल्या?" त्यांच्या अंगठ्याजवळ एक काळा डाग निघाला. कातडीच्या कॅन्सरची शंका आली म्हणून मॅडम त्यांना स्वतः सर्जनकडे घेऊन गेल्या. त्या बाई आज ठणठणीत आहेत आणि दर दिवाळीला मॅडमना चिवडा आणून देतात.

लीलाताई कुहीला राहायची. धानाची शेती होती. बचत गटाची अध्यक्ष झाली तेव्हा ती पहिल्यांदा दवाखान्यात आली. मला म्हणाली, "वं मालती, गटाच्या बोर्डावर माहा फोटो लागून राहिला, अन् तोंड पाहा कसं झालं. उन्हाळ्यातल्या बांधीसारखं." बांधी म्हणजे धानाचं वावर. ऐन उन्हाळ्यात ती पायात मोजे घालून आली होती.

मॅडमनी चेहरा, हात, पाठ तपासली. मग म्हणाल्या, "ताई, मोजे काढा."

"राहू द्या ना मॅडम. चिखलातले पाय हायेत. तुमची फरशी खराब होईन."

"फरशी मालती पुसेल."

"तिले कामच पाहिजे, पण आज नाही."

सगळे हसले. ताईही हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. मॅडमनी ते पाहिलं. त्या म्हणाल्या, "बरं. पुढच्या वेळी." आणि दिवा लावला. मॅडमनी शिस्त मोडलेली मी फक्त ताईच्याच बाबतीत पाहिली.

पुढच्या वेळी ताईने दुसरी काही गंमत सांगून वेळ काढली. चेहरा खरंच थोडा उजळला, फोटो बोर्डावर लागला. मग पावसाळ्यात धानाची रोवणी, म्हणजे लावणी, सुरू झाली आणि तिचं येणं थांबलं. टाचेखाली दुखतं म्हणून ती काटा मोडला असेल असं समजत होती. लंगडायला लागल्यावर तिचा मुलगा तिला घेऊन आला, तेव्हा मॅडमनी तिच्या टाचेखालचा तसाच काळा डाग पाहिला. कॅन्सर पुढे पसरला होता. मोठ्या दवाखान्यात मॅडम प्रत्येक खेपेला आमच्याबरोबर आल्या, बाकावर बसून राहिल्या. ताई गेली.

तेरवीला मॅडम कुहीला आल्या. भाऊजी त्यांना म्हणाले, "मॅडम, मनाले लावून घेऊ नका. एवढ्या संसारात तिनं मलेबी कधी टाचा दाखवल्या नाही."

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टर नाही."

त्यानंतर त्यांनी दिवा लावलेला नाही. कुणी विचारलं तर मी "मशीन बिघडली आहे" असं सांगते. मशीन चांगली आहे. आता साठीनंतर दवाखानाच बंद करण्याचं त्यांच्या मनात आहे.

त्या दिवशी मोजे काढायला लावले असते, तर ताई कदाचित वाचली असती. हे मी लिहिते, कारण मॅडमना खोटा दिलासा चालत नाही. पण मी तिथे उभी होते. माझ्या बहिणीच्या डोळ्यांतलं पाणी पाहून त्या थांबल्या होत्या. त्या बेफिकीर नव्हत्या. मी तिची बहीण आहे, आणि माझी त्यांच्यावर तक्रार नाही. हे त्यांना तोंडाने सांगायला गेले तेव्हा त्यांनी विषय बदलला. म्हणून इथे, सगळ्यांसमोर सांगते आहे.

कळमेश्वरच्या बाईंसारख्या अजून कितीतरी असतील. त्यांचे पाय मांडीवर घेऊन बघणारं कुणी असायला हवं. मॅडमना भरपूर आयुष्य मिळो, गुडघे धड राहोत, डोळ्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, एवढंच माझं मागणं आहे. हा अंक त्यांच्या हाती पडेल, त्यानंतरच्या सोमवारी दिव्यासाठी मी चार बायकांना बोलावलं आहे. त्यांना मोजे न घालता या, असंही सांगून ठेवलं आहे. मॅडमना हे अजून माहीत नाही. इथेच वाचतील, आणि रागावल्या तर मी ऐकून घेईन.