काळजावरचे पांढरे ठिपके

देगलूरपासून सहा-सात किलोमीटरवर, तेलंगणाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून पंचफुलाचं डुकरांचं शेड आहे. नऊ माद्या, दोन नर आणि पिल्लं धरून साठ-सत्तर जनावरं. नवरा ग्यानोबा वॉचमनची नोकरी सोडून तिच्या जोडीला आला, तेव्हा या धंद्यापायी काही नातेवाइकांनी त्यांच्याकडचं येणं-जाणं कमी केलं. पंचफुलानं ते मनावर घेतलं नाही.

दोन वर्षांपूर्वी पिल्लं वाढेनाशी झाली. खायची पोटभर, पण अंगी लागत नव्हतं. पोटं फुगलेली, केस राठ, आणि सकाळी शेडमध्ये खोकल्याचा आवाज. ग्यानोबा म्हणाला, पेंड खराब आहे. पेंड बदलली, फरक पडला नाही. मग डुकरं घेऊन जाणारा व्यापारी माणिकप्पा एक दिवस टेम्पोशिवायच आला.

"अक्का, मागच्या डुकरांच्या काळजावर पांढरे ठिपके निघाले. सगळे काळीज फेकून दिलो. आधी जनावराला काय झालंय बघा, मंग मी येतो."

दुसऱ्या दिवशी पंचफुलानं शेडच्या तीन खणांतलं ताजं शेण झाकणाच्या डब्यांत भरलं आणि जनावरांचा दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टर शिल्पा मॅडमनी काचपट्टीवर थेंब घेतला, सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि तिलाच पुढं बोलावलं.

"मावशी, बघा."

गोल, पिवळट-तपकिरी, खडबडीत कडेचं काहीतरी दिसलं. एक नाही, चांगली पंधरा-वीस.

"ही जंताची अंडी. शेणातून मातीत जातात, मातीतून तोंडात. पोटात अळी निघते, ती काळजातून, म्हणजे यकृतातून, फुप्फुसात जाते. म्हणून ठिपके, म्हणून खोकला. मग परत आतड्यात येऊन तिथंच मोठी होते."

"मंग औषध द्या की मॅडम."

"देते. पण औषधानं पोटातले जंत मरतील. मातीतली अंडी वर्षानुवर्षं मरत नाहीत."

पंचफुलाला मागचं आवार आठवलं. शेडच्या मागं ग्यानोबानं हातानं केलेलं मोकळं आवार होतं. तीन कडुनिंब, मधे चिखलाचा खड्डा. दुपारभर डुकरं तिथं लोळायची. ते बघत बसणं हा ग्यानोबाचा विसावा होता.

औषध दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेणात वीतभर लांबीचे पांढरे जंत पडले. ग्यानोबा दोन पावलं मागं सरला. पंचफुलानं ते फावड्यानं गोळा करून लांबच्या खड्ड्यात पुरले, आवाराच्या फाटकाला तार गुंडाळली आणि शेडची फरशी उकळत्या पाण्यानं धुऊन काढली. व्यायला आलेल्या मादीला ती साबण लावून आंघोळ घालू लागली. आचळांना माती राहिली तर पिल्लांच्या तोंडात पहिल्या दुधाबरोबर अंडी जातात, असं मॅडमनी सांगितलं होतं. रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून हसायचे. ती घासत राहायची.

पिल्लं सुधारली. माणिकप्पा परत यायला लागला.

पुढच्या एप्रिलमध्ये भाचीच्या लग्नाला पंचफुला तीन दिवस लातूरला गेली. जूनमध्ये नवी पिल्लं खोकायला लागली आणि तपासणीत माद्यांच्या शेणात पुन्हा अंडी सापडली. मॅडमनी विचारलं, "मातीत सोडली होती का?" पंचफुला ठामपणे म्हणाली, "न्हाई."

घरी आल्यावर तिनं ग्यानोबाला मॅडमचा प्रश्न सांगितला.

"उघडलं व्हतं फाटक," तो म्हणाला. "तू लातुरात व्हतीस. थोरली मादी तोंड वासून धापा टाकून राहिली व्हती. पत्र्याखाली भट्टी झाल्ती. डोळ्यादेखत मरू देऊ का?"

"मला फोन करायचा न्हाई का?"

"केला असता तर तू न्हाईच म्हणली असतीस."

पंचफुलाला राग आला होता, पण तो खोटं बोलत नव्हता. ती नाहीच म्हणाली असती. डुकराला घाम येत नाही, चिखल हाच त्याचा गारवा, हे तिला ठाऊक होतं. तिनं चिखल बंद केला आणि त्याच्या जागी काहीच दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "गारवा पायजे ना? करा मंग."

ग्यानोबानं पत्र्यावर शिंदीचे झाप जाड अंथरले. प्लॅस्टिकच्या नळीला बारीक भोकं पाडून ती खणांवरून फिरवली, दुपारी तासातासानं पाणी झिरपायचं. औषधाचा फेरा पहिल्यापासून सुरू झाला. त्या हंगामात चार पिल्लं गेली. शेणाची तपासणी कोरी यायला जवळपास वर्ष लागलं आणि मॅडमनी सांगितलं की दर काही महिन्यांनी डबा घेऊन यावंच लागेल, यातून कायमची सुटका नाही. आवाराला आता पक्कं कुंपण आहे. आत पाय ठेवायला कुणालाच परवानगी नाही, ग्यानोबालाही.

गेल्या महिन्यात उदगीरकडून पारूबाई नावाची बाई पिल्लं न्यायला आली. पंचफुलानं तिला चहा दिला आणि विचारलं, "ठेवणार कुठं?"

"घरामागं मोकळी जागा हाय लई. पयले बी डुकरं व्हती तिथं."

"आधी फरशी करून घे बाई. वरून सावली कर. मंग ये, चांगली निवडून देते."

पारूबाई नाराज होऊन गेली. ग्यानोबा म्हणाला, "आता ती दुसरीकडून घेईल."

"घेऊ द्या," म्हणत पंचफुला बादली उचलून आत गेली.