आर्डिसबाईंचा उजवा पाय

शेहेचाळीस वर्षं आर्डिस टोलफसनबाई लेक हॅलवर गावच्या लुथरन चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होत्या. गावातले बाप्तिस्मे, लग्नं, अंत्यविधी, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं. नवरा वर्लिन गेला त्या दिवशीही त्यांनीच वाजवलं; दुसरं होतं कोण? यंदा सप्टेंबरात त्या ऑर्गननेच मान टाकली. दुरुस्तीवाल्याने आत डोकावून पाहिलं, टोपी काढली आणि म्हणाला, "याला आता देवानेच हात लावावा."

मग चर्चच्या समितीची बैठक बसली. अध्यक्ष कार्स्टन ब्रेके, बीटचा मोठा शेतकरी, माणूस शब्दाला कोरडा. म्हणाला, "एकांनी कीबोर्ड दिलाय. आर्डिस, तुला जमलं तर उत्तम. येत्या रविवारी बघू. नाही जमलं तर ते मशीन आणू, बटण दाबलं की गीत वाजतं. तुलाही आराम."

आराम हा शब्द बाईंच्या डोक्यातच गेला. पण त्या गावात बैठकीत भांडायची रीत नाही, म्हणून त्या घरी येऊन मांजरावर ओरडल्या, "आराम मी मेल्यावर करीन!"

कीबोर्डपुढे बसल्यावर मात्र त्यांचं धाबं दणाणलं. ऑर्गनची पट्टी दाबून धरली की सूर हवा तितका वेळ उभा राहतो. इथे सूर लागला की विरायलाच लागायचा, आणि बोट उचललं की संपला. एका सुरावरून दुसऱ्यावर जाईस्तोवर मध्ये खड्डा. कीबोर्डच्या पुस्तिकेत लिहिलं होतं: सूर धरून ठेवायला पायाखालचं पेडल वेगळं घ्यावं. बाईंनी गाडी काढली आणि शेजारच्या गावात लोरेन हाउगेनचं वाद्यांचं दुकान गाठलं.

लोरेन पन्नाशीचा, पण चर्चच्या रविवारच्या शाळेत बाईंच्या हाताखालून गेलेला. "बाई, कॉफी?"

"नको रे, कशाला?"

"तयारच आहे, बाई."

"उगाच तुला त्रास."

"ओतलीसुद्धा."

"बरं, अर्धाच कप," म्हणत बाईंनी पूर्ण कप घेतला. तिसऱ्या खेपेशिवाय हो म्हणणं तिथे आगाऊपणाचं समजतात.

लोरेनने तीन पेडलं मांडली. एक प्लॅस्टिकचं, चौकोनी, साबणाच्या वडीएवढं. दुसरं पियानोसारखं, पितळी जिभेचं. तिसरं जड, पोटाखाली छोटं सरकतं बटण असलेलं. बाई बाकावर ऐसपैस बसल्या. लोरेनने पहिलं जोडून कीबोर्ड चालू केला. बाईंनी वाजवलं, पाय उचलला, तर सगळे सूर एकमेकांत मिसळून नुसता गोंधळ. पाय दाबला, तर चिडीचूप.

"उलटं चालतंय रे हे!"

"खराब निघालं वाटतं." लोरेनने कीबोर्ड बंद करून दुसरं जोडलं. तेही उलटं. तिसरं? तेही.

"तिन्ही खराब? दुकान आहे की भंगार?"

लोरेन ओशाळला. त्याने बाईंना उठवलं, कीबोर्ड बंद करून पुन्हा चालू केला आणि उभ्या उभ्या वाजवून पाहिलं. पेडल सुतासारखं सरळ चाललं. बाई बसल्या, पहिल्यापासून पुन्हा सुरुवात, आणि पुन्हा उलटं.

दुसरं कुणी असतं तर रडकुंडीला आलं असतं. बाईंचे डोळे चमकले. "थांब. तू काय काय केलंस ते क्रमाने सांग."

"कीबोर्ड चालू केला. मग पेडलवर पाय ठेवला."

"आणि मी?"

पुन्हा पहिल्यापासून करायला लोरेनने कीबोर्ड बंद केला, आणि दोघांनीही खाली पाहिलं. कीबोर्ड अजून चालूही झाला नव्हता, आणि बाईंचा उजवा पाय पेडलवर आधीच जाऊन बसलेला होता.

ऑर्गनला आवाज कमी-जास्त करणारं एक पेडल असतं. वाजवणारा बाकावर बसला की उजवा पाय तिथे टेकतो, तो शेवटच्या आमेनलाच उठतो. शेहेचाळीस वर्षांत त्या पायाने दुसरी जागा पाहिलीच नव्हती.

लोरेनने कपाळावर हात मारला. "कीबोर्ड चालू होताना पेडल चाचपतो, बाई. तेव्हा जसं असेल, तेच मोकळं असं समजतो."

"म्हणजे माझा दाबलेला पाय त्याला उचललेला वाटतो?" बाईंना हसू फुटलं. त्यांनी चार वेळा बंद-चालू करून पाहिलं, दोनदा पाय ठेवून, दोनदा उचलून. खात्री पटेना म्हणून नव्हे, मजा वाटली म्हणून.

"मग हे तिसरंच घ्या. उलटं झालं की खालचं बटण सरकवा, झालं. या वयात सवय कशाला मोडता?"

"भर प्रार्थनेत बाकाखाली रांगू?" बाईंनी पितळी जिभेचं उचललं. ते पायाला हळूहळू खाली जाताना कळत होतं. "पाय उचलायला शिकेन मी. एकाहत्तराव्या वर्षी नवीन काही शिकायला मिळतंय, ते का सोडू?"

रविवारी बाईंनी दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले आणि मगच कीबोर्ड चालू केला. पहिलं गीत नीट पार पडलं. दुसऱ्याच्या तिसऱ्या कडव्यात कार्स्टनला खोकल्याची उबळ आली. त्याचा तो जाडा आवाज गाण्याचा खांब. तो आवाज बंद पडल्यावर बाकीचेही अडखळले. बाईंनी पेडल दाबून सूर धरला. तो विरू लागला तसा डाव्या हाताने खालच्या पट्ट्या दाबून हळूच पुन्हा भरला. पुन्हा एकदा भरला. कार्स्टनने श्वास घेतला, ओळ पकडली, आणि सगळं चर्च त्याच्यामागून पुढे निघालं.

नंतर चर्चच्या तळघरात सगळे कॉफीला जमले, तेव्हा कार्स्टन जवळ आला. कप हातात फिरवत राहिला.

"वाईट नव्हतं," तो म्हणाला.

त्या गावात याहून मोठी शाबासकी अजून कुणी दिलेली नाही.

"ते मशीन थांबलं असतं का गं, माझ्यासाठी?"

"नसतं."

"हं. पुढच्या रविवारी कुठली गीतं आहेत?"

बाईंनी डोळे पुसले, तेही न लपवता. "चार आहेत. दुसरं गायला दम लागतो. खोकल्याचं औषध आत्तापासून घ्यायला लाग."