माद्यांना काढून टाक

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. नागपूरच्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजात थंड खोली एकच, ती पांढऱ्या उंदरांची. खिडक्यांना वाळ्याच्या टट्ट्या आणि त्यांच्यावर दिवसभर पाणी. माझ्या प्रबंधासाठी काही उंदीर जाळीत जखडायचे, काही निवांत ठेवायचे आणि शेवटी सगळ्यांच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी तोलायच्या. जीवाला ताण पडला की त्या ग्रंथी जास्त स्राव सोडतात, वाढतात. पण जेवणं झाली की प्राध्यापक मंडळी खुर्च्या ओढत तिथेच यायची. पान, राजकारण, मग घोरणं. म्हणे निवांत गट! मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटे.

त्यात नरांचे पिंजरे टट्टीजवळ आणि माद्यांचे दारापाशी, खुर्च्यांना खेटून. निवांत ठेवलेल्या माद्यांच्याही ग्रंथी, अंगाच्या वजनाच्या मानाने, नरांहून मोठ्या निघाल्या. माझे मार्गदर्शक सर हसले. "बायकांचा जीव घाबरटच."

"सर, तुम्ही सगळे त्यांच्या कानाशी घोरता," मी म्हटलं आणि पिंजऱ्यांची अदलाबदल केली. नवे उंदीर आणून सगळं पुन्हा केलं. तरी माद्यांच्याच मोठ्या, जखडल्यावर तर आणखी. फरक खुर्च्यांमुळे नव्हता, खराच होता. मी हरखून गेले.

सर मात्र वैतागले, आणि वैतागले की ते घरच्या बोलीवर येत. "काहून वं, तुले डिग्री पाहिजे का नाही? माद्यांचं आज एक, उद्या एक. माही सारी सरासरी बिघडून राहिली. काढून टाक त्यायले."

आधी तो बायकांचा स्वभाव होता, सिद्ध करून दाखवल्यावर ती कटकट झाली! पण सरांच्या सहीशिवाय प्रबंध पुढे जाणार नव्हता. मी माद्यांची सगळी प्रकरणं काढली. फक्त प्रबंधाच्या मथळ्यात जिथे नुसतं 'उंदीर' होतं, तिथे त्याच्या आधी 'नर' लिहिलं.

सरांनी चष्मा वर सरकवला. "हे काय? अर्धं काम केल्यावानी दिसते."

"अर्धंच आहे, सर."

त्यांनी पेन उघडलं. मग 'नर' खोडलं, "घाल त्यायले परत," म्हणाले, आणि खुर्ची ओढत उंदरांच्या खोलीत झोपायला गेले.