दार नसलेल्या खोलीसाठी दोन टन

“मॅडम, दार सोडून काय बी सांगा,” मंदामावशी म्हणाल्या आणि पाण्याचा दुसरा तांब्या माझ्यापुढं धरला.

मी खोलीच्या मधोमध टेप घेऊन उभी होते. समोर चौकट होती, चौकटीत गुलाबी पडदा होता आणि दार नव्हतं. शनिशिंगणापुरात ते नसतंच, हे मला माहीत होतं. एसीला बंद खोली लागते, हेही माहीत होतं. पण या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून बघायचं नगरहून निघताना सुचलं नाही, ना मला, ना आमच्या शेठना.

मी एसीच्या डीलरकडे साइट इंजिनिअर आहे. खोली मोजायची, ऊन कुठून येतं ते बघायचं आणि किती टनाचं मशीन लागेल ते सांगायचं, हे माझं काम. टन म्हणजे मशीनचं वजन नव्हे. एक टन बर्फ दिवसभरात वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी खोलीतून बाहेर काढायची ताकद म्हणजे एक टन. त्यामुळे मला एक खोड लागली आहे. कुठल्याही खोलीत शिरले की तिथं बर्फाची लादी दिसायला लागते. शेठ म्हणतात, मॅडमची तंद्री लागली. लागते खरी. त्या दिवशीही कॉटशेजारी निळसर लादी दिसत होती आणि तिच्या पाण्याचा ओघळ चौकट ओलांडून अंगणातल्या उन्हात चालला होता.

कॉटवर मावशींची लेक स्वाती पडून होती. पहिलटकरीण, आठवा महिना, पाय सुजलेले. पुण्याहून माहेरी बाळंतपणाला आलेली. तिचं बीपी वाढत होतं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, खोली थंड ठेवा, नाहीतर इथं राहू नका. घरावर पत्रा. त्यावर मावशींनी पोती भिजवून टाकली होती, ती बघता बघता वाळत होती. कूलर नुसता गरम वारा फेकत होता. न्यायला येतो म्हणून जावयाचा रोज फोन. मावशींना मात्र लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्या हातानं करायचं होतं. डिंक, अळीव, खारीक सगळं डब्यांत भरून तयार होतं.

मी शेठना फोन लावला. ते म्हणाले, कोल्ड स्टोरेजला प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा असतो, तो लावा. मी म्हटलं, गावात तो दार म्हणून धरतील की काय? ते मला कशाला विचारता, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी मावशींना त्या पट्ट्यांचं सांगितलं. गुलाबी पडदा फुगत होता, बसत होता. रस्त्यावरच्या भाविकांच्या गाड्यांचे हॉर्न पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येत होते.

“कडी लागती का त्याला?”

“नाही.”

“मग आडोसा हाय त्यो. कडी लागली की दार.”

पट्ट्यांमधून गार हवा निसटणारच, म्हणून मी एक टनाच्या जागी दोन टन धरले. एसीचे दोन डबे असतात. आतला गार हवा सोडतो, बाहेरचा खोलीतली उष्णता बाहेर टाकतो. या बाहेरच्याला आम्ही आउटडोअर म्हणतो. तो ठेवायला जागा मिळेना. पत्र्याला वजन झेपणार नव्हतं, पुढं रस्ता, एका अंगाला चुलत्यांची भिंत. उरला मागचा बोळ. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या रफीक मेकॅनिकनं तिथं स्टँड ठोकून ट्रायल सुरू केली.

ती दुपार मी विसरणार नाही. पट्ट्या लावलेली खोली हळूहळू निवत गेली. स्वातीच्या कपाळावरची आठी गेली, श्वास संथ झाला आणि ती झोपली. कित्येक दिवसांनी झोपली, असं मावशी कुजबुजल्या आणि तिच्या पायाशी बसल्या बसल्या त्यांचाही डोळा लागला. मी भिंतीला टेकले. पट्ट्यांतून अंगण हिरवट, हलतं दिसत होतं. आपण तळ्याच्या तळाशी आहोत आणि वर कुठंतरी उन्हाळा आहे, असं वाटत होतं. मला फार बरं वाटलं. मग रीडिंग घ्यायचं आठवलं आणि मी बोळात गेले.

बोळापलीकडच्या घराच्या उंबऱ्यावर कमलआत्या बसल्या होत्या. मावशींच्या शेजारीण. शनीला वाहायच्या रुईच्या पानांच्या माळा करून त्या दुकानांना देतात. आउटडोअरचा झोत नेमका त्यांच्या अंगावर येत होता. मांडीवरची पानं मान टाकून पडली होती. त्यांच्याही घराला दार नव्हतं, त्यामुळं तो झोत थेट आत जात होता. मी त्यांना सरकून बसा म्हटलं.

“सरकन की. पन कुठं? आत पत्रा हाय. पयलं रातच्याला तरी निवायचं, यंदा रातबी न्हाई निवत.”

एसी थंडी तयार करत नाही. इथली उष्णता उचलून तिथं टाकतो, आणि त्या कामासाठी वीज खातो. वीज बरीचशी कोळसा जाळून येते. त्या धुरातला वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखा साठतो आणि उन्हाळे वाढतात. उन्हाळे वाढले की आमची मशीनं आणखी विकली जातात. हे सगळं मला कॉलेजपासून पाठ आहे. त्या दुपारी कमलआत्यांच्या शेजारी बसले तेव्हा ते चटका बसावा तसं लागलं. मला वाईट वाटलं आणि रागही आला, कोणाचा ते कळेना. रफीकनं आउटडोअरचं तोंड वर फिरवून पाहिलं. बोळ अरुंद. हवा फिरून खालीच येत होती.

एवढ्यात पट्ट्या सारून, कमरेला हात लावून स्वाती बाहेर आली. मागोमाग मावशी. स्वातीनं झोतात हात धरला, मग आत्यांकडं पाहिलं.

“आई, बंद करायला सांग.”

“दोन म्हैन्याचा तर प्रश्न हाय. कमल काय बोलती का?”

“ती बोलायची न्हाई, म्हणूनच.”

मावशींचे डोळे भरून आले होते. स्वाती म्हणाली, मी पुण्याला जाते, तू माझ्याबरोबर चल.

“तुमच्याकडं दाराला कड्या लावत्यात. मला झोप यायची न्हाई.”

“मग जागी राहा. बाळ तरी कुठं झोपू देणार हाय?”

रफीकनं मशीन उतरवलं. शेठ भडकले. बसवलेलं मशीन काढून का आणलं, म्हणाले. मी म्हटलं, गरम हवा शेजारच्या घरात जात होती.

“मॅडम, एसीची हवा बाहेरच जाते.”

“हो ना, आणि बाहेर माणसं राहतात.”

मावशी डबे घेऊन पुण्याला गेल्या. मुलगी झाली, दोघी सुखरूप. नंतर मावशींचा फोन आला होता. नातीचं कौतुक झाल्यावर म्हणाल्या, इथंबी एसी हाय, पन त्याच्या मागं कोन ऱ्हातं ते दिसतच न्हाई.

आता खोली मोजायच्या आधी मी गिऱ्हाइकाला विचारते, मागच्या बाजूला कोण राहतं? बहुतेक जण म्हणतात, त्याचं तुम्हाला काय करायचंय, तुम्ही बसवा. मी बसवते, पगार त्याचाच आहे. काही जण मात्र उठतात आणि मागं जाऊन बघून येतात.