तेजलला ठेवायचं की जाऊ द्यायचं

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. जळगावचे पाहुणे येऊन गेले, त्या संध्याकाळी नाना सरांनी सगळ्यांना रांगेत उभं करून बजावलं, "यातलं एक अक्षर ग्राउंडबाहेर जाता कामा नये." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "हिला सांगायची गरज नाही. ही अशीही बोलत नाही." लिहू नको, असं मात्र कोणीच म्हणालं नाही!

आमची टीम म्हणजे देवपूरच्या एका मंडळाच्या मुलींची बास्केटबॉल टीम. नाना सर कोच आहेत. मी बहुतेक वेळ बाकावर असते. तिथे घाम येत नाही, किस्से मात्र साठत जातात. खेळणाऱ्यांना बॉल दिसतो. उरलेलं सगळं आम्हा बाकावरच्यांना दिसतं.

यंदाचे सगळे किस्से तेजलचे. ती नरडाण्याजवळच्या खेड्यातली. आमच्या दहावीच्या वर्गात दारातून येताना मान वाकवावी लागते अशी ती एकटीच. ती आली आणि आम्ही जिंकायला लागलो. पण तिचं राहणं, खाणं, प्रवास, सगळं मंडळाकडे. त्यामुळे मंडळात एकच वाद सुरू झाला, ही आपल्याला परवडते का? त्यातच जळगावच्या एका मोठ्या क्लबने, लग्नाच्या मुलीला घालतात तशी, तिला मागणी घातली.

* * *

मंडळाची काही मेस नाही. म्हणून नाना सरांनी जुनी पद्धत काढली, वार लावून जेवण. रोज रात्री एका घरी. गुरुवार आमचा.

पहिल्या गुरुवारी आईने हौसेने वरण-बट्टी केली. तेजल लाजत लाजत बसली आणि लाजत लाजतच जेवत राहिली. बाबा उशिरा आले. त्यांनी पातेल्याचं झाकण उचललं, आत पाहिलं, परत ठेवलं.

"बट्ट्या?"

"मॅच होती आज," आई म्हणाली.

"कोण जिंकलं?"

"दिसत नाही का?"

* * *

दिवाळीच्या सुट्टीनंतर वारांचा घोळ झाला. एकाच रात्री दोन घरांनी तिचं ताट मांडलं. तेजल दोन्हीकडे जाऊन जेवली. दुसऱ्या दिवशी शाहीनने, म्हणजे आमच्या कॅप्टनने, तिला झापलं, "अगं, दुसरीकडे सांगायचं ना, जेवून आले म्हणून!"

"कसं सांगणार? आईने बजावून पाठवलंय. कोणी ताटावर बोलावलं तर नाही म्हणायचं नाही."

"आणि तिसरीकडून बोलावलं असतं तर?"

तेजलने खरंच विचार केला. मग म्हणाली, "चालत गेले असते, जिरवत. रिक्षाने नसते गेले."

* * *

मंडळाचे अध्यक्ष अण्णा. त्यांची दूध डेअरी आहे, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीचा हिशोब ते म्हशीवरून करतात. एका मॅचमध्ये तेजलचे फ्री थ्रो एकामागून एक हुकले. अण्णा माझ्या शेजारी बसले होते. उसासा टाकून म्हणाले, "आटली."

नाना सर साइडलाइनवरूनच ओरडले, "अण्णा, पोरगी आहे ती!"

"म्हणूनच तर काळजी! म्हैस असती तर पेंड बदलून पाहिली असती."

पुढच्या क्वार्टरमध्ये तेजलने मॅच फिरवली. अण्णा उठून टाळ्या वाजवत होते. शाहीनने पळता पळता विचारलं, "काय अण्णा, पेंड बदलली का?"

* * *

तेजल राहते शाहीनच्या घरी. शाहीनचे अब्बा सुतार आहेत. आल्या दिवशी त्यांनी पाहिलं, पोरीचे पाय खाटेबाहेर लोंबतायत. लगेच टेप घेऊन खाट लांब करायला बसले. त्याच वेळी अण्णा तिथे आले.

"अहो, इतकं लांब कशाला? तिला डोक्यापासून पायापर्यंत मोजलं तरी खाट वीतभर जास्तच आहे."

"बढती पोरगी आहे, अण्णा. माप पुढच्या वर्षाचं घेतलंय."

"पण पुढच्या वर्षी ती राहणार की नाही, हेच मंडळाने ठरवलेलं नाही!"

अब्बांनी शेवटचा खिळा ठोकला. "खाट तर झाली. आता तुम्ही निवांत ठरवा."

* * *

ठरवायला मीटिंग बोलावली. तेजलचे वडील गावाहून आले. येताना भुईमुगाच्या शेंगांची पिशवी आणली आणि सगळ्या पोरींना वाटायला नाना सरांच्या हातात दिली, "बठ्ठा पोरीसले वाटी द्या."

अण्णांनी घसा साफ करून खर्चाचा विषय काढला. पोरगी गुणी आहे, पण जेवण फार आहे, वगैरे.

वडील शांतपणे म्हणाले, "पोर मनी शे भाऊ. पन भूक तुमना ग्राउंडनी शे."

पोर त्यांची आणि भूक आमची म्हटल्यावर अण्णांनी खर्चाचा विषय सोडला. मग चर्चा लांबली. जळगावला हॉस्टेल आहे, डाएट आहे, लाकडी कोर्ट आहे. इथे काय आहे? शेवटी वडील म्हणाले, "तिनं मन जठे लागस, तठे ऱ्हाऊ द्या."

"अगदी बरोबर!" अण्णा म्हणाले. "पुढच्या मीटिंगमध्ये तिचं मन काय ते विचारून घेऊ."

तेजल तेव्हा त्यांच्यासमोरच चहाचा ट्रे धरून उभी होती.

* * *

मीटिंगहून परतताना शाहीन मला म्हणाली, "एक बरं आहे. ती गेली तर पाचात तू येशील."

मी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते माझं मलाच कळलं नाही.

* * *

आणि मग जळगावचे पाहुणे आले. क्लबचे मोठे कोच, मोटारीने. त्यांनी तेजलचं फक्त नाव आणि तिचा सात नंबर ऐकला होता, खेळ पाहिला नव्हता. मोटार फाटकाशी दिसली आणि नाना सरांना काय झालं देव जाणे! त्यांनी तेजलला बाकावर बसवलं, तिच्या मांडीवर स्कोअरची वही ठेवली, अंगावर माझी शाल टाकली आणि म्हणाले, "वाकून बस." मग सात नंबरची जर्सी माझ्या डोक्यातून घातली. ती माझ्या गुडघ्यापर्यंत आली.

"सर, मी?"

"बोलायला लागलीस? जा आत!"

मी खेळले. म्हणजे धावले. एकदा बॉल बोर्डालाही न लागता कुंपणाबाहेर गेला. शाहीन हसू दाबत ओरडली, "वेल ट्राय, तेजल!"

पाहुण्यांनी बराच वेळ पाहिलं. मग ते बाकाकडे गेले. मी साइडलाइनवर बॉल टाकायला उभी होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"तेजल म्हणतात ती हीच का?"

स्कोअर लिहिणाऱ्या मुलीने मान वर केली नाही. "हो, सर. हीच."

"खेळते कशी?"

"बरी खेळते. पण खाते फार. तुम्हाला परवडणार नाही."

"असं? मग तुम्ही कशी ठेवता तिला?"

"आम्ही घरं वाटून घेतलीत," तेजल म्हणाली. "सवय झालीय आता. तिलाही, आम्हालाही."

पाहुण्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग बाकाखालच्या पायांकडे पाहिलं. मोटारीकडे गेले आणि एक खोका घेऊन आले. आत नवे बूट होते, मोठ्या मापाचे, पुरुषांच्या पायात सैल होतील असे. खोका त्यांनी माझ्या हातात दिला.

"तेजलसाठी आणले होते, माप मागवून. तिला सांग, घालून खेळ म्हणावं. इथेच."

मोटार गेली. नाना सर रुमालाने कपाळ पुसत होते. मी खोका तेजलच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, "त्यांना कळलं असेल का गं?" ती बुटांची नाडी ओवता ओवता म्हणाली,

थांबा, तीच हाक मारतेय कोर्टावरून. "ए, लेखिका! पाचवी कुठून आणू मी? ये की लवकर!" आले, आले. तर ती म्हणाली, की त्या सरांना... जाऊ दे, उरलेलं खेळून आले की लिहिते!