पुन्हा पुन्हा तेच नाव

आमची वहिनी एका संस्थेची वेबसाइट सांभाळते. मोठा अपघात झाला की सापडलेल्या माणसांची नावं आणि ती कुठल्या हॉस्पिटलात आहेत, हे तिथं कळतं. एरवी तिकडे काळं कुत्रंही फिरकत नाही. त्यामुळे वहिनी पगार घेऊन माशा मारते, असं मी तिला वर्षानुवर्षं चिडवत आलो. ती चिडत नाही, हाच तिचा मोठा दोष.

"भावजी, घरी माणसं जमली की शेजारून खुर्च्या आणता ना? ती गेली की परत देता. मी तेच करते," ती म्हणायची. गर्दी वाढली की भाड्याचे जादा सर्व्हर आपोआप जोडले जायचे, ओसरली की सुटायचे. सगळं तिनंच बसवलं होतं. शिवाय एक नियम घातला होता. कुणी एकच पान सारखं सारखं मागू लागलं, तर ते माणूस नसून कुणीतरी सोडलेलं खोडसाळ यंत्र आहे असं समजायचं आणि त्याला बाहेर ठेवायचं. या नियमाचा तिला भारी अभिमान.

मग प्रवाशांची ती बोट उलटली. वाचलेल्यांना मिळेल त्या हॉस्पिटलात नेलं आणि घरोघरचे लोक साइटवर तुटून पडले. मी त्या दिवशी दादाकडे जेवायला गेलो होतो. जेवण राहिलं बाजूला. स्क्रीनवरची गर्दीची रेघ चढत होती, एकामागून एक सर्व्हर जोडले जात होते, आणि साइट एकदाही अडखळली नाही. संस्थेच्या अध्यक्षांनी फोनवर वहिनीची पाठ थोपटली. मीही म्हटलं, "आता नाही गं चिडवणार!"

संध्याकाळी गर्दी जरा ओसरली तेव्हा नियमानं कुणाकुणाला बाहेर ठेवलंय, ते ती बघू लागली. एका जागी थांबली.

"भावजी, इकडे या. यंत्र एका ठेक्यात मागतं. हा बघा, मध्येच थांबतो. मग परत घाईघाईनं मागतो. दुपारपासून एकच नाव."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. ते नाव एका मुलीचं होतं. मुलगी हॉस्पिटलात होती, शुद्धीवर होती, तिचं नाव दुपारीच साइटवर लागलं होतं. पण त्याआधीच नियमानं त्या माणसाला यंत्र ठरवलं होतं. त्याला नुसतं कोरं पान दिसत होतं.

साइटवर शोध घेणाऱ्यानं सुरुवातीलाच आपला फोन नंबर द्यायचा असतो, तो समोरच होता. मी म्हटलं, "बंदी काढ, त्याचं त्याला दिसेल की."

"नाही. मी सांगणार."

तिनं बंदी काढली आणि फोनही लावला, स्पीकरवर. पलीकडे मुलीचे वडील होते. वहिनीनं मुलीचं नाव सांगितलं, हॉस्पिटल सांगितलं, मुलगी बोलतेय असंही सांगितलं. मग माणूस ओक्साबोक्शी रडू लागला.

वहिनी भरभर बोलत सुटली, "काका, चूक माझी आहे. मीच अडवलं तुम्हाला. दुपारीच कळायला हवं होतं, दिवसभर तुमच्या जिवाचं काय झालं असेल..."

"ते जाऊ दे गं पोरी," ते म्हणाले. "तिचं नाव परत एकदा वाच."

तिनं वाचलं, डोळे पुसत, एकेक अक्षर नीट उच्चारून.

"आणखी एकदा," ते म्हणाले.